सोसायटी आणि घर अग्निसुरक्षा मोहीम : कामाच्या नोंदी, जानेवारी ते एप्रिल

५ जानेवारी

जानेवारी आणि जुलै हे बी फॉर्मचे महिने. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सतत चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. सोसायटीत ती व्यवहारात कमिटीवर येते. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि वर्षातून दोनदा नमुना ‘ब’ मधलं प्रमाणपत्र द्यायचं. आमच्या अग्निशमन केंद्राच्या हद्दीतल्या सोसायट्यांसाठी ही मोहीम त्या निमित्तानं सुरू होत असली, तरी नुसते फॉर्म गोळा करायचे नाहीत. प्रमाणपत्र आहे आणि नळीला पाणी नाही, ही स्थिती वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, गेल्यावर कळू नये, यासाठी हा खटाटोप.

पद्धत ठरली. प्रत्येक इमारतीत सुरुवात गच्चीवरून करायची. सगळ्यात वरच्या लँडिंग व्हॉल्व्हला (मजल्यावरच्या पाण्याच्या मोठ्या नळाला) होज, म्हणजे जाड नळी, जोडायची, तिच्या टोकाला ब्रांच (झोत सोडणारं तोंड) लावायची, पंप चालू करायचा आणि पाणी उडवून बघायचं. तळमजल्यावर दाब जास्तच असतो, तिथे पाणी आलं म्हणून काही सिद्ध होत नाही. वरच्या टोकाला साडेतीन किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळाला पाहिजे. तो मिळाला की पुढची तपासणी. मिळाला नाही तर पंपरूम गाठायची आणि कारण सापडेपर्यंत तिथून हलायचं नाही. इमारत झाली की मग मजल्यामजल्यावरची घरं.

१२ जानेवारी – पंपरूम

गच्चीवर पाणी आलं नाही की बहुतेक वेळा पंप जळालेला नसतो. पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच ‘ऑफ’वर असतो. तो ऑफ का केला जातो, हे समजून घेतल्याशिवाय नुसता ऑटोवर फिरवून आलो तर चार दिवसांत पुन्हा ऑफ होणार.

क्रम असा असतो. रायझरमध्ये, म्हणजे मजल्यांना पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपमध्ये, कायम दाब धरून ठेवायचा असतो. थोडी गळती झाली की छोटा जॉकी पंप लागतो, दाब भरतो आणि बंद होतो. कुणी खरोखर व्हॉल्व्ह उघडला की दाब झपाट्यानं पडतो, जॉकीला तो पेलत नाही आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतो. वीज नसेल तर डिझेल पंप. आज पाहिलेल्या इमारतीत जॉकी ६ किलोला लागून ७ ला बंद, मुख्य पंप ५ ला आणि डिझेल ४ ला अशी मांडणी आहे. मुख्य पंप एकदा सुरू झाला की हातानेच बंद करायचा असतो. तो आपोआप थांबेल अशी जोडणी कुणी केली असेल तर ती काढून टाकायची.

आता बिघाड. लाइन कुठेतरी गळत असते, त्यामुळे जॉकी दर काही मिनिटांनी लागतो. रात्री त्याचा आवाज पहिल्या मजल्यावर जातो, तक्रार येते, वॉचमन स्विच फिरवतो. सगळ्या यंत्रणेचा जीव त्या एका फिरवण्यात जातो. उपाय गळती शोधण्यात आहे. त्याची सोपी रीत :

पंपाच्या पुढचे, म्हणजे नॉनरिटर्न व्हॉल्व्हनंतरचे (तो पाणी मागे जाऊ देत नाही) डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करा आणि रायझरच्या बाजूचा गेज अर्धा तास बघा. काटा तसाच राहिला तर पाणी नॉनरिटर्नमधून मागे टाकीत जातंय. त्याच्या झडपेत बहुधा गाळ किंवा गंजाचा पापुद्रा अडकलेला असतो, उघडून साफ करा. काटा खाली आला तर गळती वर मजल्यांवर आहे. मग प्रत्येक मजल्यावर लँडिंग व्हॉल्व्हच्या तोंडाला हात लावून ओल बघायची, दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून थेंब येतो का ते बघायचं आणि होजरीलचा (ड्रमवर गुंडाळलेल्या बारीक नळीचा) बॉल व्हॉल्व्ह तपासायचा. अर्ध्या गळत्या होजरीलच्या व्हॉल्व्हवर सापडतात. काम झालं की डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेत ना, हे दोघांनी वेगवेगळं बघायचं. बंद राहिलेला व्हॉल्व्ह हा ऑफ स्विचइतकाच घातक.

आणखी एक गोष्ट, जी फार ठिकाणी चुकलेली असते. फायर पंपाची वीज इमारतीच्या मुख्य स्विचच्या आधीच, स्वतंत्र घेतलेली असली पाहिजे. आग लागल्यावर घाबरून पहिलं काम काय होतं, तर कुणीतरी मेन पाडतो. पंप त्याच मेनवर असेल तर पाणीही तिथेच थांबलं. तपासायला एक मिनिट लागतं : मेन बंद करायचा आणि पंप लागतो का ते बघायचं. ही चाचणी लिफ्ट रिकामी आहे याची खात्री करून, आधी सूचना देऊनच करावी.

डिझेल पंपाची बॅटरी आठवड्याला एकदा इंजिन चालवून बघितली तरच भरवशाची. डिझेल टाकीतली पातळी कमिटीच्या रजिस्टरमध्ये लिहायला सांगितलं आहे.

१९ जानेवारी – होज बॉक्स

६३ मिलिमीटरची आरआरएल (आतून रबराचं अस्तर असलेली) होज, १५ मीटरची, दोन नग आणि एक ब्रांच असं एका बॉक्सचं साहित्य. आज उघडलेल्या बॉक्सांत जे दिसलं ते इतर ठिकाणीही दिसेल, म्हणून तपशिलात लिहितो.

कपलिंगच्या, म्हणजे होजच्या जोडाच्या, आतली रबरी वॉशर गायब. ती नसली की जोडावरून चहूबाजूंनी फवारा उडतो आणि टोकाला दाब उरत नाही. वॉशर किरकोळ वस्तू, पण ऐन वेळी तिला पर्याय नाही. बॉक्समागे दोन जादा ठेवा. कपलिंगच्या लगची (जोड पकडणाऱ्या कानाची) स्प्रिंग गंजून बसलेली : लग ओढून सोडल्यावर खट्कन परत आली पाहिजे. ती येत नसेल तर होज जोडली गेल्यासारखी दिसते आणि दाब येताच निसटते. निसटलेलं कपलिंग माणसाला जबर जखमी करतं. होज वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली : घडीच्या रेषेवर रबर तडकतं. दर सहा महिन्यांनी उलगडून, घडीची जागा बदलून पुन्हा गुंडाळा. पाणी गेलेली होज सावलीत पूर्ण वाळवूनच आत ठेवा.

ब्रांच पितळेची असते, त्यामुळे चोरीला जाते. चोरी होऊ नये म्हणून बॉक्सला कुलूप घालतात आणि किल्ली ऑफिसात असते. त्याऐवजी काच फोडायची सोय असलेली किल्लीपेटी बॉक्सशेजारीच लावा.

रहिवाशांसाठी मात्र खरं साधन होजरील आहे. मोठी होज हाताळायला शिकलेली दोन माणसं लागतात. दाब आला की ती मागे रेटते आणि एकट्या माणसाच्या हातून सुटते. होजरीलची नळी बारीक, ३० मीटर लांब, टोकाला चालू-बंद करायचं नोझल. एकटा माणूस ती घरात नेऊ शकतो. आधी रीलजवळचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग नळी ओढत न्यायची, नोझल आगीजवळ पोहोचल्यावर उघडायचं आणि घराचा मेन स्विच बंद केल्याशिवाय पाणी मारायचं नाही. नळी ड्रमला जिथे पहिला वळसा घेते तिथे ती आधी तडकते. तपासताना बोट फिरवून बघायची जागा तीच. रंगकाम झालेल्या इमारतीत नोझलमध्ये रंग वाळून बसलेला सापडतो. वापर झाल्यावर व्हॉल्व्ह बंद करून नळीतला दाब सोडून द्या, नाहीतर नळी कायम दाबाखाली राहून फुगते.

२७ जानेवारी – जिना, डक्ट, रेफ्युज

माणसं ज्वाळांपेक्षा धुरानं जास्त दगावतात. म्हणून आजचा सगळा दिवस धुराच्या वाटांवर.

इलेक्ट्रिकल डक्ट, म्हणजे केबल नेणारी पोकळी, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत उभी असते. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला केबल जिथून जाते तिथली फट अग्निरोधक मसाल्यानं बंद असली पाहिजे. ती उघडी असली की डक्ट धुरांड्यासारखा ओढतो आणि दुसऱ्या मजल्यावरचा धूर दहाव्या मजल्यावर निघतो. नवीन इंटरनेट केबल ओढणारे हे सील फोडतात आणि तसंच सोडून जातात. केबलवाल्याचं बिल देण्याआधी डक्ट उघडून बघा. आणि डक्टमध्ये झाडू, चपलांचा जुना स्टँड, रद्दी, रंगाचे डबे ठेवू नका. हे साधं वाटतं, पण आज डक्टचं दार उघडल्यावर केबलला टेकून उभा असलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा निघाला. त्याच्या मागच्या केबलच्या जोडावरची टेप तापून तपकिरी झाली होती.

जिन्याचं फायर डोअर आपोआप बंद होणारं असतं आणि ते बंदच राहायला हवं. हवा यावी म्हणून दाराखाली वीट लावतात किंवा क्लोजर (दार आपोआप लावणारं यंत्र) काढून टाकतात. दार उघडं राहिलं की जिना धुरानं भरतो आणि मग वरच्या लोकांना उतरायला वाट उरत नाही. क्लोजर सैल झाला असेल तर स्क्रूनं वेग जुळवून घ्या : दार स्वतःहून येऊन कडीत बसलं पाहिजे, दोन बोटांची फट राहता कामा नये.

२४ मीटरपेक्षा उंच इमारतींत रेफ्युज एरिया, म्हणजे आगीत आसरा घ्यायचा भाग, असतो. तो मोकळा आणि बाहेरच्या बाजूनं खुला हवा. तिथे व्यायामाची यंत्रं, लग्नाच्या मांडवाचं सामान, ग्रिल असं काही नको. गच्चीच्या दाराचं कुलूप हा नेहमीचा वादाचा विषय आहे. चोरीची भीती खरी आहे. तोडगा म्हणून आतून हातानं उघडता येईल अशी कडी किंवा काचेच्या पेटीतली किल्ली सुचवली आहे.

बंब आत येण्याची वाट : सहा मीटर रुंदीची मोकळी जागा आणि वळायला जागा. रंगानं आखून घ्या. भूमिगत टाकीच्या स्लॅबवरून बंब जाणार असेल तर स्लॅब तेवढ्या वजनाचा आहे ना, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. उंच शिडीची गाडी फार जड असते. गेटजवळच्या फायर ब्रिगेड इनलेटसमोर दुचाक्या लावलेल्या होत्या, त्या हलवून घेतल्या. बंब आपलं पाणी त्या तोंडातून रायझरमध्ये ढकलतो. सोसायटीचा पंप बंद पडला तरी तेवढा आधार राहतो.

४ फेब्रुवारी – अग्निशामक

आज रहिवाशांकडून ट्रेमधल्या आगीवर प्रात्यक्षिक करून घेतलं.

घरासाठी एबीसी पावडरचा, आयएसआय मार्क असलेला, दोन किंवा चार किलोचा. आत मोनोअमोनियम फॉस्फेटची पावडर असते. ती लाकूड-कापड, तेल आणि गॅस या तिन्हींवर चालते. दोन किलोचा साधारण आठ-दहा सेकंदच चालतो, म्हणून आधी जवळ जाऊन जागा घ्यायची आणि मग दाबायचं. दोन-तीन मीटरवर उभं राहा, पाठीमागे दार ठेवा. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे नाही तर बुडाशी धरा, हँडल दाबा, डावीउजवीकडे झाडल्यासारखं फिरवा. विझल्यावर पाठ फिरवू नका, मागे मागे सरका. पुन्हा पेटण्याची शक्यता असते. पहिल्या अग्निशामकात आग आटोक्यात आली नाही तर दुसरा शोधत बसायचं नाही, दार ओढून बाहेर पडायचं.

प्रात्यक्षिकात बहुतेकांची एकच चूक होते : पिन न ओढता हँडल जोरानं आवळतात. हँडल आवळलेलं असताना पिन अडकते आणि निघतच नाही. पकड सैल करा, मग पिन येते.

तपासणी महिन्यातून एकदा, घरच्या घरी. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील शाबूत आहे का, नळीच्या तोंडात कोळ्याचं किंवा कुंभारमाशीचं घर नाही ना. पावडर खाली बसून घट्ट होते, म्हणून अधूनमधून उलटा करून हलवावा. ‘चालतो का बघू’ म्हणून हँडल जरासं दाबून सोडलेला अग्निशामक भरून आणावाच लागतो. पावडरचे कण झडपेच्या बैठकीत अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाला काटा नसतो. त्याचं वजन करतात आणि वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर पुन्हा भरतात. त्याचा हॉर्न वापरताना उघड्या हातानं धरू नका, थंडीनं कातडी भाजते.

जागा दाराजवळची. गॅसच्या शेगडीवर टांगलेला अग्निशामक आग लागल्यावर हाताला येत नाही.

११ फेब्रुवारी – गॅस

घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि सिंकच्या जाळीतून, दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत सरकतो. पाइपचा गॅस हलका असतो, छताकडे जातो. त्यामुळे एलपीजीसाठी खालची दारं उघडी हवीत आणि पाइपच्या गॅससाठी वरचे झरोके. गॅस डिटेक्टर बसवणारे हाच फरक विसरतात : एलपीजीचा डिटेक्टर जमिनीजवळ, पाइपच्या गॅसचा छताजवळ.

सिलिंडर घेताना दोन गोष्टी. वरच्या पट्टीवर आतून रंगवलेला कोड बघा : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्षाचे शेवटचे दोन अंक. ही पुढच्या चाचणीची मुदत, ती उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका. दुसरं, सील काढल्यावर व्हॉल्व्हच्या आत रबरी रिंग आहे का, ती चिरलेली नाही ना, हे बघा. रेग्युलेटर लावल्यावर होणारी गळती बहुधा या रिंगमुळे असते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी ओढून तपासणारे अजूनही आहेत, त्यांना थांबवा.

नळी आयएसआय मार्कची सुरक्षा होज, दीड मीटरपेक्षा लांब नाही, पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवर छापलेली असते. ती शेगडीच्या टोकाला आधी कडक होते. दोन बोटांत वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर मुदतीची वाट बघू नका. नळीवर प्लास्टिकचं किंवा कापडाचं आवरण घालू नका, भेगा झाकल्या जातात. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर.

वास आला तर : कोणताही स्विच चालू करू नका आणि बंदही करू नका. बंद करतानाही ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर काढून सिलिंडरवर पांढरी टोपी बसवा. ती दोरीनं सिलिंडरलाच बांधलेली असते, लोक ती कापून टाकतात. फोन बाहेर जाऊन करा : गॅसगळतीसाठी १९०६, आमच्यासाठी १०१ किंवा ११२.

नळीला आग लागली आणि रेग्युलेटरपर्यंत हात सुरक्षित पोहोचत असेल, तर हाताला ओलं जाड कापड गुंडाळून नॉब बंद करा. गॅस बंद होत नसेल तर ज्वाळा विझवायच्या मागे लागू नका. न जळता साठलेला गॅस नंतर एकदम पेटतो, ते जास्त वाईट. दार ओढा, शेजाऱ्यांना उठवा, खाली या.

कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद आणि वर झाकण किंवा मोठी परात. सरकवत झाका, वरून टाकू नका. पाणी अजिबात नाही : पाणी तेलाच्या तळाशी जातं, क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. झाकण अर्धा तास काढायचं नाही आणि कढई उचलून बाहेर न्यायचा मोह टाळायचा.

गॅस गिझर बाथरूमच्या आत नको. दार-खिडकी बंद असताना कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही. आंघोळीला गेलेलं माणूस शुद्ध हरपून पडतं. युनिट बाहेर मोकळ्या हवेत आणि आत फक्त गरम पाण्याची नळी. यावर तडजोड सुचवायची नाही, असं ठरलं आहे.

१८ फेब्रुवारी – वायरिंग

सहा अँपियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला साधारण १३८० वॅट घेता येतात. १५०० वॅटची किटली त्यात बसत नाही, २००० वॅटचा गिझर तर नाहीच. एक्स्टेंशन बोर्डाला चार खाचा असल्या तरी त्याची क्षमता एका वायरीचीच.

एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवून देणारे इलेक्ट्रिशियन आहेत. त्यानं पडणं थांबतं, पण आता वायर आधी तापते. एमसीबी भिंतीतल्या वायरीच्या जाडीनुसार असतो. तो वारंवार पडतो तेव्हा भार कमी करायचा किंवा वायर बदलायची. आरसीसीबी वेगळं काम करतो, विजेची गळती पकडतो. घरासाठी ३० मिलिअँपियरचा. त्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो निकामी आहे.

सैल जोड मात्र दोघांनाही दिसत नाही, कारण प्रवाह नेहमीइतकाच असतो आणि उष्णता फक्त त्या स्क्रूपाशी तयार होते. ती हुडकायला नाक आणि हात : प्लग गरम लागतो, प्लेट तपकिरी पडते, मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येतो, दिवा लुकलुकतो. मीटररूममध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. वर्षातून एकदा सगळे लग (केबलच्या टोकांचे जोड) घट्ट करून घ्या आणि मीटररूम रिकामी ठेवा.

२६ फेब्रुवारी

होळीसाठी थोडक्यात : वायरींच्या खाली नाही, झाडाखाली नाही, गाड्यांपासून आणि गॅसच्या पाइपलाइनपासून दूर. होळीत टायर, प्लास्टिक, फोम टाकू नका. होजरील उलगडून ठेवा. रात्री राख पाणी टाकून कालवा. वरून काळी दिसणारी राख आत सकाळपर्यंत धगधगते.

१० मार्च – दार, ग्रिल, देवघर

बॉक्स ग्रिल हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा अडथळा. शिडी खिडकीला लागते आणि माणूस दोन फुटांवर असूनही ग्रिल कापल्याशिवाय बाहेर येत नाही. प्रत्येक घरात किमान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घ्या, माणूस खांद्यातून निघेल एवढी. कुलूप असेल तर किल्ली त्याच खिडकीजवळ, लहान मुलांच्या हाताला न लागेल पण अंधारात मोठ्यांना सापडेल अशा खुंटीवर. बिजागरीला पावसाळ्याआधी तेल घाला. गंजून बसलेली झडप आज हातोडीनं उघडावी लागली. सेफ्टी डोअरला रात्री आतून कुलूप लावत असाल तर त्याची किल्लीही तशीच, ठरलेल्या जागी.

देवघराबद्दल : समई पडद्यापासून आणि लाकडी महिरपीपासून लांब, खाली पसरट ताटली. रात्रभर नंदादीप ठेवायचा असेल तर काचेची हंडी घाला. तेलानं भिजलेली पेटती वात उंदीर तोंडात धरून कपाटामागे नेतात. घरात उंदीर असतील तर उघडी वात नकोच. मच्छर अगरबत्ती गादीखाली ढकलू नका.

मजल्यावर धूर असेल तर काय करायचं, हे प्रत्येक घरी सांगितलं. दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम असेल तर उघडू नका, फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत या, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड दाखवा, १०१ ला फ्लॅट नंबर सांगा. गार असेल तर वाकून, भिंतीच्या कडेनं जिन्याकडे. निघताना आपलं दार ओढून घ्या, पण कुलूप नको. बंद दार आग बराच वेळ एका खोलीत अडवतं. लिफ्ट नाही.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर पडा, तोंड झाका, लोळा. भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नका. अंगठी-बांगड्या सूज येण्याआधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. १०८.

२४ मार्च – ई-बाइक

पार्किंगमधलं चार्जिंग हा नवा प्रश्न. लिथियम बॅटरीतला एक सेल तापून फुटला की शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. तिला बाहेरच्या हवेची फारशी गरज नसते, म्हणून पावडरनं ज्वाळा दबतात पण थोड्या वेळानं पुन्हा पेटतात. भरपूर पाण्यानं गार करत राहावं लागतं. निघणारा धूर विषारी असतो. चार्जिंगची जागा जिना आणि लिफ्ट लॉबीपासून दूर, स्वतंत्र एमसीबीवर, मूळ चार्जरनंच. सुटी होणारी बॅटरी रात्री दाराशी चार्जिंगला लावू नका. पेटली तर बाहेर पडायची वाटच अडते. पडलेली, फुगलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज करायचीच नाही.

७ एप्रिल – मॉक ड्रिलची तयारी

वर्दी कशी द्यायची, याची वॉचमनकडून तालीम घेतली. इमारतीचं नाव, रस्ता, जवळची ठळक खूण, काय पेटलंय, कितव्या मजल्यावर, कुणी अडकलंय का, फोन नंबर. समोरच्यानं फोन ठेवेपर्यंत ठेवू नका. ‘लवकर या’ एवढंच ओरडून फोन ठेवला जातो आणि मग एकाच नावाच्या दोन सोसायट्यांत आम्ही भलत्याच गेटवर पोहोचतो. एक माणूस मुख्य रस्त्यावर उभा करा.

प्रत्येक विंगमध्ये जिना उतरू न शकणाऱ्यांची यादी मजल्यानुसार करून सुरक्षा केबिनमध्ये ठेवायची. ती दर तीन महिन्यांनी ताजी करा. शस्त्रक्रिया झालेला तरुणही तेवढ्यापुरता त्या यादीत येतो.

१४ एप्रिल – अग्निशमन सेवा दिन

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात होती. आग विझवण्याचं काम चालू असतानाच स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे साठहून अधिक जण कामावर असताना गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. सकाळी केंद्रावर मानवंदना झाली, दुपारी मोहिमेतल्या सोसायटीत ड्रिल.

अलार्म वाजवला. वरच्या मजल्यांवर तो बंद दाराआड ऐकू आला नाही. हूटर (अलार्मचा भोंगा) जिन्यात होता, लॉबीत हलवायचा आहे. उतरताना लोकांनी जिना पूर्ण भरून टाकला. एका बाजूनं, कठड्याला धरून उतरा, म्हणजे दुसऱ्या बाजूनं होज घेऊन जवान चढू शकतात. जमायची जागा गेटजवळच ठरवली होती आणि तिथे बंबालाच अडथळा झाला. ती मागच्या बागेत नेली. मजलाप्रमुखांनी माणसं मोजून सांगायची. ‘सगळे आले’ असं उत्तर चालणार नाही. फ्लॅट नंबरनिशी कोण दिसत नाही ते हवं, कारण त्यावरून आत कुणाला कुठे पाठवायचं ते ठरतं. फायरमन लिफ्टचा (लिफ्ट जवानांच्या ताब्यात देणारा) स्विच तळमजल्यावर चालला. गच्चीवरच्या व्हॉल्व्हला मेन बंद असतानाही पाणी आलं, साडेतीन किलोच्या वर.

२२ एप्रिल – राहिलेली कामं

जुलैच्या तपासणीआधी : हूटरची जागा बदलणं. डक्टचे सील, केबलच्या कामानंतर पुन्हा. दोन मजल्यांवरच्या लँडिंग व्हॉल्व्हचे ग्लँड पॅकिंग. पंप पॅनेलच्या सिलेक्टरवर काचेचं झाकण आणि त्यावर ‘ऑफ करायचा झाल्यास सेक्रेटरींना कळवून, वेळ लिहून’ अशी पाटी. शेजारी रजिस्टर, पेन दोरीला बांधलेला. पुढच्या सोसायट्यांत सोमवारपासून, पुन्हा गच्चीवरूनच.